करंडक पार्सलने का पाठवता येत नाही

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

भिंगार, शनिवार

रा. रा. सुनीलभाऊजी यांना ज्योतीवहिनीचा नमस्कार.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. त्यात निघालं ते असं: ज्येष्ठमधाची पुडी एक, खडीसाखर अर्धा किलो, वाफ घ्यायचं यंत्र एक, गळ्यात अडकवायचा लाऊडस्पीकर त्याच्या माइकसकट एक, तुमच्या कलाकार संघाच्या स्मरणिका दोन (एक पुरली असती) आणि तुमची चिठ्ठी. पार्सलाचं भाडं तुम्ही दोनशे दहा रुपये भरलंत असं वरच्या पावतीवरून दिसलं. तेवढ्या पैशांत एक माणूस शिवाजीनगरला एसटीत बसून इथे आला असता. कोणता माणूस, ते पुढे ओघाने येईलच.

तुमचा गुडघा कसा आहे? मोनिकाचं पित्त? तिला सांगा, उपासाला साबुदाणा सोडून भगर खा, देवाला चालते आणि पोटालाही. इकडचं सर्व क्षेम आहे असं इथे लिहायची रीत आहे, ती पाळली. आनंदाची बातमी एकही नाही, त्यामुळे पत्र लांबेल. फोनवर बोलले असते, पण आपलं घर तुम्हाला माहीत आहे, स्वयंपाकघरातलं कुजबुजणं ओट्यावर ऐकू जातं, आणि यांना, म्हणजे तुमच्या आप्पांना, अलीकडे ऐकू दुप्पट येतं. का, तेही ओघाने.

तुमच्या चिठ्ठीत चार ओळी आहेत. तिसऱ्या ओळीत तुम्ही म्हणता की यंदाचा हेवी मेटलचा पुरस्कार नाशिकच्या मुलींच्या बँडला लागला आहे (मुली! चला, बरं झालं), तेव्हा आमच्या घरी असलेला फिरता करंडक नीट गुंडाळून पार्सलने तुमच्या स्पीकरच्या गोडाऊनवर पाठवावा, म्हणजे आमचा आदिनाथ तिथल्या तिथे तो त्यांना देऊन टाकेल. भाऊजी, करंडक पाठवता येत नाही. का येत नाही हे सांगायचं तर मला फार मागून सुरुवात करावी लागेल, आणि त्यातलं पुष्कळ तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही संघाच्या कमिटीवर आहात. तरी लिहिते. कमिटीतल्या माणसांना स्वतःचेच नियम आठवत नाहीत असा माझा महिला मंडळाचा अनुभव आहे.

स्मरणिकेत पुरस्काराचा इतिहास छापलाय, तो मी दोनदा वाचला (दोन प्रती होत्या म्हणून). त्यात म्हटलंय की दहा वर्षांपूर्वी राजूरचे निवृत्त शिक्षक सहादेव मास्तर यांनी कै. ओंकार या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि 'संघाने या उपक्रमाचे सहर्ष स्वागत केले.' तुम्ही मागे सांगितलं होतंत ते निराळं होतं. मास्तर पिशवीत पैसे घेऊन आले, कोणत्या प्रकारासाठी पुरस्कार ठेवायचा असं विचारल्यावर त्यांनी खिशातून कागद काढून वाचलं, 'हेवी मेटल', आणि कमिटीत कोणालाच ते काय असतं माहीत नव्हतं. लावणी माहीत होती, भावगीत माहीत होतं, बँजो पार्टी माहीत होती. शेवटी अध्यक्षांनी तुमच्याकडे वळून विचारलं, "सुनील, याला स्पीकर किती लागतात रे?" तुम्ही म्हणालात, "असतील तेवढे." तेव्हापासून तुम्ही कमिटीवर आहात.

पहिल्या वर्षी पुरस्कार एका पतपेढीतल्या चार सभ्य गृहस्थांना गेला. त्यांतले मुख्य बासरी वाजवत. असं झालं कारण नियमपत्रिका भजन स्पर्धेची होती, नुसतं वरचं नाव बदललं होतं, आणि वेळ पाळण्याला भरपूर गुण होते. वेळेत संपवणारे ते चौघेच. ('टाळ-पखवाजाची साथ' याचे गुण कोणालाच मिळाले नाहीत, आणि 'पोशाखातील पावित्र्य' याचे कोणाला द्यावेत यावर परीक्षकांत मतभेद झाले.) निकाल ऐकून दाराबाहेर काळ्या कपड्यांतली मुलं अशी काही ओरडली की आत बसलेल्या लावणीच्या बायका घाबरल्या. मास्तर मात्र उठले, दारात जाऊन ऐकत उभे राहिले, आणि अध्यक्षांना म्हणाले, "असाच आवाज यायचा हो, आमच्या माडीवरून." तरी निकाल बदलला नाही. प्रमाणपत्रं छापून झाली होती.

पुढे एक वर्ष कोल्हापूरच्या मुलांना मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या बँडांनी मिळून सभागृहाच्या छताचं प्लास्टर पाडलं, तेव्हा 'योग्य प्रवेशिका न आल्याने' पुरस्कार रोखून ठेवला. मग करोना आला, त्यात कोणीच कोणाला काही दिलं नाही. मग खर्च वाचवायचा म्हणून संघाने हेवी मेटल आणि बँजो पार्टी एकाच विभागात घातले (काटकसर मला समजते, पण ही नव्हे). त्यावर मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच: 'माझा मुलगा वरातीत वाजवत नव्हता.' विभाग परत वेगळे झाले. पुन्हा कोल्हापूर. आणि मागच्या खेपेला आपला आदिनाथ. त्याच्या बँडचं नाव 'कडेलोट'. मला बारशाला बोलावलं असतं तर मी दुसरं सुचवलं असतं.

आता करंडकाविषयी. ओंकारने वहीच्या शेवटच्या पानावर एक शिंगं असलेली कवटी काढलेली होती. मास्तरांनी ते पान राजूरच्या सुताराकडे नेऊन दिलं आणि म्हणाले, असं सागवानात करून दे. सुतार म्हातारा, जन्मभर पोळ्याला पोरांना लाकडी बैल करून दिलेला. मेलेल्याच्या नावाने कवटी घडवायची त्याला बरं वाटेना, म्हणून त्याने तिला मांस चढवलं. मग मांस आहे तर डोळे पाहिजेत, डोळे आहेत तर कान पाहिजेत, आणि शिंगं तर होतीच. झाला बैल. शिंगांना त्याने गोंडेही लावले. मास्तरांनी तो पाहिला. सुताराला पैसे दिले आणि घेऊन आले. तर राज्यातली ही सगळी काळ्या कपड्यांची, केस सोडलेली, नरकाची गाणी म्हणणारी मुलं दहा वर्षं ज्याच्यासाठी भांडताहेत तो पोळ्याचा बैल आहे. आमच्या घरी आला त्या दिवशी मी त्याला पुसून देवघरात महादेवाच्या पिंडीसमोर ठेवला. तिथे नंदी नव्हताच, सासूबाईंच्या वेळेपासून जागा रिकामी होती. आता दर सोमवारी तेल, पोळ्याला पुरणपोळी. एका शिंगाला शेंदूर लागलाय, तो निघत नाही. देवघरातून देव हलवायचा तर कौल लावावा लागतो. मी लावला. त्याच्या शिंगावर फूल ठेवलं आणि म्हटलं, जायचं असेल तर उजवं दे. फूल डावीकडे पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा डावीकडे. देवापुढे माणसाचं काय चालतं?

पण त्याहून मोठी अडचण तुमच्याच नियमात आहे. स्मरणिकेच्या मागच्या पानावर नियम सातवा वाचा: 'करंडक संघाच्या कपाटात ठेवू नये. मागील विजेत्याने तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, नव्या विजेत्यांना जेवू घालून द्यावा.' का, ते तिथे लिहिलेलं नाही. मला मास्तरांनी पुण्याच्या समारंभात सांगितलं. (यांनी यायला नकार दिला म्हणून मी एकटीच गेले होते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तीवर मास्तर येऊन बसले.) ते म्हणाले की ओंकारने मित्रांना एकदाच घरी आणलं होतं. बाजाराचा दिवस, सगळा गाव बघतोय, आणि दारात पाच पोरं, केस खांद्यापर्यंत. मास्तरांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "केस कापून या, मग पानं मांडू." पोरं हसली, स्टँडवर वडापाव खाऊन परत गेली. तो पावसाळा संपायच्या आत ओंकार घाटात मोटारसायकलवरून गेला. मास्तर म्हणाले, "दहाव्याला तीच पोरं आली, वहिनी. केस कापून आली होती."

हातातला चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले (टाकणं जिवावर येतं).

करंडक इथे आला त्या दिवसाचं तुम्हाला आदिनाथकडून अर्धंच कळलं असेल. कोल्हापूरच्या मुलांकडे जेवून, बैल मांडीवर घेऊन तो घरी आला तो नेमका गुरुवार, यांचं भजनी मंडळ ओळीने बसलेलं. आदिनाथ सगळ्यांच्या पाया पडला. मंडळातल्या एकांना कौतुक आवरेना, "म्हण की रे काहीतरी, बक्षिसाचं!" (ज्यांनी हे म्हटलं ते नंतर तीन गुरुवार आले नाहीत.) आदीने एकच ओळ म्हटली. समईची ज्योत हलली. मंडळातल्या दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं, त्यांना वाटलं लष्कराच्या रणगाड्यांचा सराव आज लवकर सुरू झाला. हे मात्र टाळ खाली ठेवून उठले. चाळीस वर्षं ज्या गळ्याने अभंग म्हटले त्या गळ्याने शांतपणे म्हणाले, "जो माणसाच्या आवाजात बोलेल त्यालाच या उंबऱ्याच्या आत जागा आहे." आदिनाथने बैल माझ्या हातात दिला. "बरं, आप्पा," म्हणाला. ते दोन शब्द अगदी माणसाच्याच आवाजातले होते, पण म्हणता म्हणता तो ओटा उतरलाही होता. तुम्ही त्याला गोडाऊनवर ठेवून घेतलंत हे तुमचे उपकार, आणि त्यामुळे यांनी तुमच्याशीही बोलणं टाकलं. (घरात तुमचं नाव काढायची वेळ आली तर हे 'पुणं' म्हणतात. "पुण्याचं पार्सल आलंय." "पुण्याचा गुडघा दुखतोय वाटतं.")

आता ते सांगते जे फोनवर सांगितलं नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं की यांचा घसा बसलाय. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. फाल्गुनात यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, खंडोबाची कृपा. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटून होती आणि आवाज गेला. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सही घेतली होती, तेव्हा कोणाला बोल लावायचा नाही. आत नेण्याआधी यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही प्रेमाचं बोलतील. तर म्हणाले, "आदीच्या कानावर तू घालायचं नाहीस. खंडोबाची आण." ते यांचं त्या आवाजातलं शेवटचं वाक्य. चाळीस वर्षांच्या गाण्यानंतर माझ्या वाट्याला ही ओळ आली.

आणि आता आवाज मुळीच नाही असंही नाही. थोडा आहे. पण जो आहे ना भाऊजी, तो आदिनाथचा आहे. थट्टा करत नाही. खरखरीत, खोल, विहिरीत लोखंडी बादली आपटत जावी तसा. देवाने नेमका तोच का द्यावा हे मी देवाला विचारलं नाही, त्याच्याकडे उत्तर असेल अशी भीती वाटते.

तर यांनी काय केलं? स्वतःचा नियम स्वतःला लावून घेतला. घरात बोलत नाहीत. बोलायचं झालं की चपला घालतात, उंबरा ओलांडून ओट्यावर जातात, तिथून "चहा" म्हणतात आणि आत येऊन बसतात. जेवताना मीठ कमी पडलं तर हात धुऊन बाहेर, "मीठ", आणि परत पाटावर. पावसात छत्री घेऊन जातात. (मी आता भाजीत मीठ थोडं जास्तच टाकते. यांचं ब्लडप्रेशर वाढेल, पण सर्दी तरी व्हायची नाही.) मी एकदा म्हटलं, "अहो, ते तुम्ही रागात बोललात, त्याला काय एवढं?" हे उठले, बाहेर गेले, "नियम म्हणजे नियम" म्हणाले आणि आत आले. गुरुवारी मंडळ जमतं, नवीन गाणारे बेसूर गातात, हे नुसता टाळ धरतात. टाळही हळू वाजवतात.

अशा घरात तुमचा लाऊडस्पीकर आला. तुमचा हेतू चांगला होता. घसा बसलेल्या माणसाला भजनात आधार म्हणून तुम्ही पाठवला असणार. पार्सलावरचं तुमचं अक्षर यांनी ओळखलं, मंगळवारभर खोक्याकडे बघितलं नाही. बुधवारी सकाळी मी देवपूजा करत होते तेव्हा खोकं उघडून तो गळ्यात अडकवला, माइक तोंडापाशी ओढला आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. मला वाटतं हलक्या आवाजात एक अभंग म्हणून बघायचा होता. स्पीकरची आवाजाची चावी तुमच्या गोडाऊनमधून येताना पूर्ण फिरवलेली होती. (भाऊजी, तुमच्या धंद्यात चावीला खालची बाजू नसतेच का?) यांनी 'रामकृष्ण हरी' म्हटलं.

काय सांगू. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सोनईचा आमचा दूधवाला सायकलवरून उतरता उतरता थांबला, किटली कलंडली (सांडलेलं दूध त्याच्याकडे धरायचं की माझ्याकडे, हे अजून ठरलेलं नाही), आणि मला ओरडून म्हणतो, "वयनी, आदीभाऊ कवा आलं? सकाळच्यापारी लई घसा फाडाया लागलं!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कोणी शिव्या घातल्या नाहीत. दीड वर्षापूर्वी याच आवाजाविरुद्ध सह्या गोळा करणारी माणसं, पण सगळे आदिनाथलाच हाका मारायला लागले. मी घंटा हातात घेऊन दारात आले तर शेजारच्या जहिराभाभी वाटी घेऊन आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढत होत्या. शेवयांची खीर. लहानपणी आदी भाभींकडेच खाऊन यायचा.

"आदी आला नं?" त्या म्हणाल्या. "कुठे लपवलाय?"

यांनी नाही म्हणून मान हलवली. माइक तोंडाशी तसाच.

"राहू द्या भाईसाब, मी आवाज ओळखत नाही का? एवढा होता तेव्हापासून ऐकते पोराला. बापाला राग असेल, मला कसला राग? घ्या. गरम आहे तवर द्या त्याला."

हे बोलले असते तर आवाज कोणाचा ते भाभींना कळलं असतं. नाही बोलले तर आदी घरात आहे असं ठरत होतं. यांनी दोन्ही हातांनी वाटी घेतली, आत आले, तिच्यावर ताटली झाकली आणि फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवली. मग गळ्यातला स्पीकर काढला, वायर नीट गुंडाळली, खोक्यात घातला. भाभी मला म्हणाल्या, "झोपला असेल, झोपू द्या," आणि गेल्या.

वाटी आज चौथा दिवस तिथेच आहे. शेवयांनी सगळं दूध पिऊन टाकलंय. मी घरात शिळी भाकरी वाया जाऊ देत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण ती वाटी मला खाववत नाही आणि टाकवत नाही. हे फ्रिज उघडतात, बघतात, बंद करतात.

तर अशा सगळ्या कारणांनी करंडक पार्सलने पाठवता येत नाही. नाशिकच्या मुलींची मी क्षमा मागते म्हणावं. मास्तरांना नमस्कार सांगा. मोनिकाला आणि चि. पार्थला आशीर्वाद. आदिनाथला जेवत जा म्हणावं, वेळेवर, आणि उभ्याने नको.

तुमचीच,
ज्योतीवहिनी

ता. क. कौलाविषयी. देवाच्या नावावर अर्धवट लिहिलं तर मला झोप लागणार नाही, म्हणून सांगते. बैलाचं डावं शिंग सुताराने खालच्या अंगाला वळवलेलं आहे. मी त्यावरच ठेवलेलं फूल उजवीकडे पडणं शक्यच नाही. मला माहीत होतं.

दुसरा ता. क. आता मुद्द्याचं. शपथ अशी होती की 'आदीच्या कानावर तू घालायचं नाहीस.' मी घातलेलं नाही. तुम्ही घालू नका असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि कागद काही कानाने वाचत नाहीत. तरी त्याला वाचून दाखवा असं मी म्हणत नाही, खंडोबा बघतोय. पत्र वाचून झाल्यावर कुठे ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. गोडाऊनमध्ये स्पीकरवर ठेवलंत तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडतं, एवढंच सुचवते. आणि तुम्ही कमिटीवर आहात तर नियम सातवा पाळून घ्या: मागील विजेत्याने, स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने. पुण्याच्या गोडाऊनला घर म्हणत नाहीत. मुली येणार तर मी त्यांच्या ओट्या भरीन, काळे कपडे असले तरी खण देता येतो. मसालेभात (वांगी स्वस्त आहेत), मठ्ठा आणि गुळाचा शिरा एवढा बेत आहे, मास्तरांनाही चालेल. आणि आदीला एक विचारा. तो म्हणायचा, "आई, हा आवाज घशातून काढायचा नसतो, पोटातून आणायचा, घसा मोकळा सोडायचा, नाहीतर फाटतो." डॉक्टरांनी यांना आवाजाच्या बाईंकडे शिकायला जा म्हणून सांगितलंय, हे जात नाहीत, आणि रोज थोडा थोडा फाटतोय. त्या आवाजात अभंग बसतो का, बसत असेल तर कसा बसवायचा, एवढं विचारा. कोणासाठी विचारताय ते सांगू नका. त्याला कळेल.

तिसरा ता. क. पाकीट मी चिकटवलं नव्हतं (पोस्टात डिंक फुकट असतो), आणि हे फिरायला निघाले होते म्हणून पेटीत टाकायला यांच्याच हातात दिलं. हे ओट्यापुढे गेलेच नाहीत. बसले आणि वाचत बसले. मी आतून बघत होते. सगळी पानं झाली, पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी देवाला म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. मग हे उठले, चपला बाहेर काढल्या, आत आले, देवघरापुढे बैलासमोर उभे राहिले आणि तिथेच, उंबऱ्याच्या आत, त्या आवाजात बोलले. समईची ज्योत हलली. म्हणाले,

"भातात वांगी घालू नको. त्याच्या अंगावर उठतं."

तेव्हा वांग्यांऐवजी तोंडली. वाटी मी आत्ता घासून जहिराभाभींना परत देते आहे आणि येताना सांगणार आहे, पुन्हा लागेल. हे चपला घालून पत्र न्यायला दारात उभे आहेत, म्हणून थांबते. पानं किती मांडायची ते उलट टपाली कळवा.